डीएनएची नक्कल: एक धागा सलग, दुसरा तुकड्यातुकड्यांत का?

सांजवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

लेक सध्या जीवशास्त्राच्या पुस्तकात बुडालेली आहे. काल रात्री डीएनएच्या प्रतिकृतीची आकृती घेऊन आली आणि म्हणाली, "आई, हे असं का?" माझा आणि विज्ञानाचा संबंध सुटून २० वर्षं झाली, त्यामुळे मी "बाबांना विचार" हे ब्रह्मास्त्र काढलं. बाबांनी "परीक्षेला येणार नाही" हे त्याहून मोठं अस्त्र काढलं. शेवटी इथे आले.

मला समजलंय ते असं. डीएनए म्हणजे पीळ घातलेली शिडी. ए समोर टी, जी समोर सी. हेलिकेज नावाचं विकर ही शिडी मधोमध उसवत जातं आणि पॉलिमरेज दोन्ही बाजूंना नवी जोडीदार अक्षरं बसवत जातं. एका शिडीच्या दोन शिड्या. इथवर ठीक. पण आकृतीत एक नवा धागा सलग विणला जातोय आणि दुसरा छोट्या छोट्या तुकड्यांत, उलट्या दिशेने. मग ते तुकडे लगेज नावाचं विकर सांधतं. लेकीचं म्हणणं, अब्जावधी वर्षं हाताशी असताना उलट्या दिशेने चालणारं एखादं पॉलिमरेज का नाही तयार झालं?

पुस्तकातलं उत्तर: "पॉलिमरेज फक्त ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे काम करते." (५ प्राइम आणि ३ प्राइम ही धाग्याच्या दोन टोकांची नावं, आणि शिडीच्या दोन बाजू एकमेकींच्या उलट दिशेने धावतात.) हे उत्तर कसलं, प्रश्नच पुन्हा जाड ठशात छापलाय.

दुसरा प्रश्न माझा. ही नक्कल इतकी अचूक असते म्हणतात, मग कर्करोग येतो कुठून?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

केवळ_वाचक

धाग्यांबद्दलचा धागा! रुमाल टाकून बसलोय.

खडूस_मास्तर

सांजवेळताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी. ३० वर्षं हा धडा शिकवला, हा प्रश्न विचारणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजता येतील.

मूळ प्रश्नाकडे येण्याआधी पाया. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी दुहेरी पिळाची रचना मांडली (रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांशिवाय ती जुळली नसती, हे दरवेळी सांगायचं असा माझा नेम आहे). रचना दिसली की नक्कल कशी होत असेल याचा अंदाज आपोआप येतो, कारण एक बाजू ठाऊक असली की दुसरी ठरलेलीच. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. जुनी शिडी अख्खी राहून शेजारी कोरी करकरीत शिडी तयार होते, की प्रत्येक नव्या शिडीत एक बाजू जुनी आणि एक नवी?

मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली याचा निकाल लावला. जिवाणू आधी जड नायट्रोजनवर वाढवले, त्यामुळे त्यांचा सगळा डीएनए जड. मग त्यांना साध्या नायट्रोजनवर सोडलं आणि डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात प्रचंड वेगाने फिरवून वजनानुसार वेगळा केला. एका पिढीनंतर पट्टा एकच, आणि तो बरोबर मधल्या वजनाचा. दुसऱ्या पिढीनंतर दोन पट्टे, अर्धा मधला, अर्धा हलका. म्हणजे प्रत्येक नक्कल अर्धी जुनी, अर्धी नवी. इतका स्वच्छ प्रयोग मला जीवशास्त्रात दुसरा सापडलेला नाही.

याचा अर्थ मुलांना सांगताना मला अजूनही मजा येते: तुमची कुठलीही पेशी घ्या, तिच्या डीएनएची एक बाजू दुसरीपेक्षा वयाने मोठी असते.

निरुद्देश

मी यंत्रवाला माणूस, म्हणून बाळबोध शंका. दोराचा पीळ एका टोकाकडून उसवत गेलं की पुढचा भाग आवळत जातो. मग पुढे जाऊन हा दोर गाठाळत नाही?

> मग ते तुकडे लगेज नावाचं विकर सांधतं

हे लगेज म्हणजे सामानसुमानवालं का? आवडलं.

पेशीवेडा

(प्रयोगशाळेत पोट भरतो, म्हणून थोडं लांबण लावतो.)

@निरुद्देश, गाठाळतोच. ई. कोलाय जिवाणूत नक्कल सेकंदाला सुमारे १००० अक्षरांच्या वेगाने चालते. पिळाचा एक वेढा साधारण १० अक्षरांचा. म्हणजे पुढच्या दोराला सेकंदाला १०० वेढे, मिनिटाला ६०००! टोपोआयसोमरेज नावाची विकरं दोर चक्क कापतात, ताण उतरू देतात आणि पुन्हा जोडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक जिवाणूंच्या याच विकराला कापलेल्या अवस्थेत अडकवतं. दोर तुटलेला राहतो आणि जिवाणू मरतो.

आता लेकीचा प्रश्न. मालगाडीचं चित्र डोळ्यांसमोर आणा.

गाडीला एकेक डबा जोडायचाय आणि प्रत्येक जोडणीला ऊर्जा लागते. डीएनएचं सुटं अक्षर येतं तेच तीन फॉस्फेटची शेपटी घेऊन. त्यातले दोन फॉस्फेट तुटतात आणि त्या ऊर्जेवर जोडणी होते. म्हणजे येणारा प्रत्येक डबा स्वतःची कडी घेऊन येतो, गाडीच्या शेवटच्या डब्याला नुसता एक साधा खाचा असला की पुरे. ही झाली खरी दिशा.

आता पॉलिमरेजने चुकीचा डबा लावला. तसं घडतं, साधारण लाखात एकदा. विकराला ते जाणवतं, कारण चुकीची जोडी नीट बसत नाही. ते एक पाऊल मागे येतं आणि तो डबा कापून टाकतं. मागे उरलेल्या डब्याला खाचा शाबूत आहे, पुढचा डबा आपली कडी घेऊन येतोच आहे. काम पुढे चालू.

उलट्या दिशेची गाडी कल्पून बघा. तिथे कडी येणाऱ्या डब्याची वापरली जाणार नाही, गाडीच्या टोकाची वापरली जाईल. नवा डबा जोडला गेला की त्याची कडी टोकाला शिल्लक, ती त्याच्या पुढच्यासाठी. बिनचूक काम चालू आहे तोवर हेही ठीक. पण चुकीचा डबा कापला की त्याच्याबरोबर कडीही गेली! टोक मुकं झालं. पुढचा डबा जोडायचा तर आधी टोकाला नवी कडी बसवणारी आणखी एखादी यंत्रणा हवी, तीही प्रत्येक चुकीला.

म्हणून उलटं पॉलिमरेज अशक्य नाही, पण त्याला चूक खोडणं महागात पडेल. तुकड्यांचा हा सगळा द्राविडी प्राणायाम खोडरबर हाताशी राहावा म्हणून सोसलाय, असं आमच्याकडे बहुतेकजण मानतात. अर्थात हे स्पष्टीकरण मागाहून लावलेलं आहे, उत्क्रांती होत असताना कुणी तिथे टिपणं काढत बसलं नव्हतं.

सांजवेळ

पेशीवेडा, _/\_. कडीचं लेकीला एका वाचनात कळलं, मला तीन लागली. आता तिने डबे काढायला घेतलेत.

आणि हो, लगेज नाही, लायगेज. मोबाइलचा प्रताप. प्रतिसाद आल्यावर इथे मूळ धागा संपादित करता येत नाही, त्यामुळे राहू द्या तसंच.

आशावादी

> मग ते तुकडे लगेज नावाचं विकर सांधतं

निसर्गाची कमाल वाटते. एकही चूक नाही, परिपूर्ण रचना!

पेशीवेडा

आशावादी, परिपूर्ण कुठे? आम्हाला तर हे बघताना जुगाड दिसतो. पॉलिमरेजला कोऱ्या पाटीवर सुरुवातच करता येत नाही. आधी प्रायमेज नावाचं विकर येऊन आरएनएचा (डीएनएच्या चुलतभावाचा) छोटा तुकडा ठेवतं, त्याला धरून पॉलिमरेज पुढे जातं. उलट्या बाजूला हे प्रत्येक तुकड्यासाठी पुन्हा पुन्हा. जिवाणूत तुकडा हजार-दोन हजार अक्षरांचा, आपल्यात शे-दोनशेच. मग तो आरएनए काढा, खड्डा भरा, सांधा. एका पेशीविभाजनात असे कोट्यवधी सांधे.

हे तुकडे शोधले नागोया विद्यापीठातल्या रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जोडप्याने, १९६०च्या दशकात. युक्ती साधी होती: जिवाणूंना किरणोत्सारी थायमिडीन (टी अक्षराचा कच्चा माल) काही सेकंदच द्यायचं आणि लगेच सगळं थांबवायचं, म्हणजे नुकताच तयार झालेला डीएनए तेवढा उजळतो. तो उजळलेला भाग तुकड्यांत सापडला. रेइजी यांचा जन्म हिरोशिमाचा, बाँब पडला तेव्हा ते किशोरवयात होते. १९७५ साली ४४व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेले. त्सुनेको यांनी काम पुढे चालू ठेवलं. सुरुवातीचा तो आरएनएचा तुकडा खरंच असतो हे त्यानंतरच्या कामातून पक्कं झालं.

केवळ_वाचक

हिरोशिमाचं माहीत नव्हतं. क्षणभर वाचायचा थांबलो.

निरुद्देश

पुन्हा हिशेब करून आलो. माणसाच्या पेशीत साधारण ६४० कोटी अक्षरांच्या जोड्या. शोधलं तर आपल्या पॉलिमरेजचा वेग जिवाणूंपेक्षा बराच कमी आहे, फार तर सेकंदाला ५० धरू. ६४० कोटी भागिले ५०, म्हणजे चार वर्षं! एका पेशीला दोन व्हायला चार वर्षं?

खडूस_मास्तर

भागाकार बरोबर, मांडणी चूक. डीएनए एकसंध नाही, ४६ गुणसूत्रांत वाटलेला आहे आणि त्यांची नक्कल एकाच वेळी चालते. सर्वांत लांब ते क्रमांक एकचं, सुमारे २५ कोटी जोड्यांचं. त्याच्या मधोमध सुरू करून दोन्हीकडे उसवत गेलात तर साडेबारा कोटी भागिले ५०, म्हणजे २५ लाख सेकंद. दिवस करा.

निरुद्देश

२९ दिवस. तरी महिनाच की!

खडूस_मास्तर

महिनाच. आणि प्रत्यक्षात हे काम आठेक तासांत उरकतं. कारण सुरुवात एका जागी होत नाही, सगळ्या गुणसूत्रांवर मिळून काही दहा हजार ठिकाणी होते. सगळ्या एकदम नाहीत, काही आधी, काही उशिरा. आणि प्रत्येक जागा एका फेरीत एकदाच पेटली पाहिजे, नाहीतर काही पानं दोनदा छापली जातील. त्यासाठी सुरुवातीचा परवाना देणारी प्रथिनं असतात. नक्कल सुरू झाली की परवाना रद्द, पुढच्या विभाजनापर्यंत नवा मिळत नाही.

पेशीवेडा

मास्तरांच्या हिशेबाला जोडून माझं आवडतं कोडं. ई. कोलायचा डीएनए ४६ लाख जोड्यांचा, गोल. एकाच जागी सुरुवात, दोन्ही बाजूंनी सेकंदाला १०००. म्हणजे नक्कल पुरी व्हायला ४० मिनिटांच्या आसपास. पण चांगलं खाणंपिणं मिळालं की हाच जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो. ४० मिनिटांचं काम २० मिनिटांत कसं?

केवळ_वाचक

वेग वाढवतो?

पेशीवेडा

नाही. वेग तोच.

सांजवेळ

लेक म्हणते, "आधीची संपायच्या आत पुढची सुरू करत असेल."

पेशीवेडा

पैकीच्या पैकी! पहिली नक्कल अर्ध्यावर असतानाच दोन्ही नव्या प्रतींवर दुसरी सुरू होते. म्हणजे आज जन्मलेल्या जिवाणूच्या पोटात त्याच्या लेकींसाठीची नक्कल आधीच अर्धी झालेली असते. त्या नकलेची सुरुवात त्याच्या आईच्याही जन्माआधी, आजीच्या पोटात झालेली असू शकते. हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. बायकोला उठवून सांगितलं, तिची प्रतिक्रिया इथे देत नाही.

शिळोप्याचा_डॉक्टर

धागा छान रंगलाय. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो.

चुकांचा हिशेब आधी. पॉलिमरेजची पहिली निवड लाखात एक चुकते. पेशीवेडांनी सांगितलेलं खोडरबर वापरल्यावर कोटीत एक. त्यानंतर मागून एक तपासनीस पथक फिरतं, ते जुळत नसलेल्या जोड्या शोधतं. ते गेल्यावर चूक उरते अब्जात एक किंवा त्याहूनही कमी. पानाला २००० अक्षरं धरली तर ६४० कोटी अक्षरांची ३२ लाख पानं होतात, आणि त्यात चुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कुठल्याही छापखान्याने लाजावं.

पण या तपासनीसापुढे एक पेच असतो. समजा जी समोर टी सापडला. चूक नक्की कुणाची? मूळ जी होता आणि नकलेत सी ऐवजी टी पडला, की मूळ टी होता आणि ए ऐवजी जी पडला? चुकीच्या बाजूला दुरुस्त केलं तर मूळच बिघडलं. ई. कोलायने यावर नामी तोड काढलीय: ठरावीक चार अक्षरांच्या शब्दावर जुन्या धाग्याला मिथाइलची खूण असते. नव्या धाग्यावर ती पडायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात तपासनीस बिनखुणेच्या बाजूची दुरुस्ती उरकतो. आपल्यात ही मिथाइलची खूण कामी येत नाही, नव्या धाग्यातल्या न सांधलेल्या फटींवरून आणि पॉलिमरेजला धाग्यावर धरून ठेवणाऱ्या कड्याच्या दिशेवरून तो ओळखला जातो. म्हणजे ज्या तुकड्यांना आपण मघापासून नावं ठेवतोय, त्यांच्या फटी इथे उपयोगी पडतात. या दुरुस्तीची साखळी उलगडल्याबद्दल पॉल मॉड्रिक यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

वेळेत दुरुस्ती झाली नाही आणि पुढचं विभाजन सुरू झालं, की खेळ खल्लास. चुकीच्या अक्षरासमोर त्याचा अगदी योग्य जोडीदार बसतो. आता जोडी जुळते, तपासनिसाला काही खुपत नाही. मक्षिकास्थाने मक्षिका! इथून पुढे ती चूक राहत नाही, तोच मजकूर होतो.

काही घराण्यांत हा तपासनीसच जन्मतः अर्धा लंगडा असतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा लोकांना मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग तरुण वयात होण्याची शक्यता बरीच वाढते. घरात असे दोन-तीन रुग्ण असतील तर आपल्या डॉक्टरांशी जनुकीय तपासणीबद्दल जरूर बोला. इथल्या प्रतिसादांवर जाऊ नका, माझ्याही.

आशावादी

म्हणजे कर्करोग हा निव्वळ नशिबाचा भाग? मागे एका बातमीत वाचलं होतं, दोन तृतीयांश कर्करोग दुर्दैवाने होतात म्हणे.

शिळोप्याचा_डॉक्टर

त्या बातमीने आम्हाला फार छळलंय. टोमासेटी आणि फोगेलश्टाइन यांचा २०१५ चा शोधनिबंध. त्यांनी वेगवेगळ्या अवयवांची तुलना केली: ज्या अवयवात मूळपेशी आयुष्यभरात जास्त वेळा विभागतात, तिथे कर्करोगही जास्त. अवयवा-अवयवांतल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग विभाजनांच्या संख्येशी जुळत होता. याचा अर्थ "तीनातले दोन रुग्ण दुर्दैवी" असा होत नाही, पण बातम्यांत तसाच आला. धूम्रपान सोडलं की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका उतरतो, हे काही त्या निबंधाने खोटं ठरत नाही. नकलेतल्या चुका हा एक स्रोत, ऊन, धूर, विषाणू हे आणखी. आणि एका चुकीने कर्करोग होत नाही, नेमक्या जागच्या अनेक चुका एकाच पेशीत जमाव्या लागतात.

औषधांकडून बघितलं तर हे जास्त कळतं. केमोथेरपीतली बरीच औषधं नकलेवरच घाव घालतात, म्हणून सतत विभागणाऱ्या पेशी आधी मरतात: गाठीच्या, पण केसांच्या मुळांच्या आणि आतड्याच्या अस्तराच्याही. केस का जातात, त्याचं उत्तर हे.

आणि पेशीवेडांच्या मालगाडीला माझा एक डबा. नागिणीवर देतात ते असायक्लोव्हिर. दिसायला जी सारखंच, पण त्याला पुढचा डबा जोडायला खाचाच नाही! विषाणूचं पॉलिमरेज ते भोळेपणाने जोडतं आणि गाडी तिथेच संपते. गंमत म्हणजे हे औषध जागं करणारं विकर विषाणूचंच असतं, त्यामुळे निरोगी पेशीत ते बहुतांशी झोपून राहतं. या तऱ्हेची औषधं घडवण्याच्या कामाबद्दल गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल, दोघांबरोबर विभागून. त्यांच्याकडे पीएचडी नव्हती.

आशावादी

बरं, मग टेलोमिअर वाढवून म्हातारपण लांबवतात ते काय? त्या गोळ्या खऱ्या का?

पेशीवेडा

तोही या तुकड्यांचाच प्रताप. गुणसूत्राच्या अगदी टोकाला शेवटचा आरएनएचा तुकडा काढला की तिथला खड्डा भरायला मागून धरायला काही नसतं. त्यामुळे दर नकलेला टोक थोडं झिजतं. टोकाला, म्हणजेच टेलोमिअरला, टीटीएजीजीजी हाच शब्द हजारो वेळा गिरवलेला असतो, त्यामुळे झीज निरर्थक मजकुराची होते. बहुतेक जिवाणूंचा डीएनए गोल, त्यांना टोकच नाही, त्यामुळे ही कटकटही नाही.

टेलोमरेज हे विकर ती झीज भरून काढतं. कॅरल ग्रायडर यांना त्याचा पहिला पुरावा १९८४ च्या नाताळच्या दिवशी प्रयोगशाळेत मिळाला. २००९ चं नोबेल त्यांना, एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जॅक शॉस्टाक यांना. आपल्या बहुतेक पेशींत हे विकर बंद असतं. ८५ ते ९० टक्के कर्करोगांत मात्र ते पुन्हा चालू झालेलं सापडतं. अमरत्वाची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते बघा, आणि गोळ्यांचं तुम्हीच ठरवा.

आशावादी

गोळ्या रद्द.

खडूस_मास्तर

एक जुना हिशेब चुकता करतो. आर्थर कोर्नबर्ग यांनी पहिलं पॉलिमरेज शोधलं, १९५९ चं नोबेल मिळालं. पुढे १९६९ साली केर्न्स आणि द लुशिया यांना ते विकर जवळजवळ नसलेला जिवाणू सापडला, आणि तो मजेत वाढत होता! म्हणजे मुख्य नक्कलनवीस कुणी दुसराच. तो शोधला कोर्नबर्ग यांचा मुलगा टॉम याने. वडिलांचं विकर डागडुजीचं आणि तुकड्यांमधला आरएनए काढण्याचं काम करतं असं निघालं. लेकीला सांगा, पुस्तकातली पॉलिमरेज १, २, ३ ही क्रमांकांची उतरंड शोधांच्या क्रमाची आहे, कामाच्या महत्त्वाची नाही.

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. लेकीने मालगाडीची आकृती पूर्ण केलीय: सरळ गाडी, उलटी गाडी, कापलेला डबा, हरवलेली कडी, आणि नागिणीचा बिनखाचाचा डबा लाल रंगात. आता तिचा पुढचा प्रश्न: पॉलिमरेज बनवायची कृती डीएनएत, आणि डीएनएची नक्कल पॉलिमरेजशिवाय होत नाही, मग पहिलं पॉलिमरेज आलं कुठून?

पेशीवेडा

त्यासाठी नवा धागा काढा ताई. आणि माझी आठवडाभराची रजा मंजूर करून घ्या.

निरुद्देश

आकृतीचा फोटो टाका ना.

सांजवेळ

टाकणार होते. पण तिने नावं माझ्याच धाग्यावरून बघून उतरवून घेतलीत. तुकड्यांना सांधणाऱ्या विकरापुढे ठळक, सुवाच्य अक्षरात लिहिलंय: लगेज.